काकूंची मागची खोली: राहत्या घरातली एक खोली रीतसर भाड्याने देण्याचे प्रकरण

कोथरूडमधली जुनी सहकारी गृहरचना संस्था, त्यात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. राहणाऱ्या एकट्या काकू, वय सदुसष्ट. काका २०२० मध्ये गेले. मुलगा बेंगळुरूला, मुलगी नाशिकला. मागची खोली तेव्हापासून बंदच होती. वर्षातून दोनदा मुले आली की उघडायची. २०२३ च्या मार्चमध्ये काकूंनी ठरवले की ती खोली एखाद्या नोकरी करणाऱ्या मुलीला द्यायची. कुटुंब निवृत्तिवेतनात घर चालत होते, पण औषधांचा खर्च वाढला होता, आणि रात्री-अपरात्री घरात दुसरे माणूस असावे असेही त्यांना वाटू लागले होते.

ओळखीतून लातूरची एक मुलगी आली. फिजिओथेरपिस्ट, पुण्यात नवी नोकरी. वडील सोबत आले, घर पाहिले, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, हॉस्टेलपेक्षा आम्हाला हे बरं वाटतंय." महिना ९,५०० रुपये आणि तीन महिन्यांचे डिपॉझिट, म्हणजे २८,५०० रुपये, असे तोंडी ठरले. कागद करायचा म्हणून काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा गाळून हे लिहिते आहे.

सगळा फ्लॅट भाड्याने द्यायचा तर पुण्यात वाट मळलेली आहे: एजंट, तयार मसुदा, अंगठे, झाले. पण जो स्वतः त्याच घरात राहतो आणि एक खोली देतो, त्याच्याही हातात तोच मसुदा पडतो, आणि त्यात त्याच्या घराची खरी स्थिती कुठेच उतरलेली नसते. मालक कुठे राहतो, दिलेले काय, राखलेले काय, वापरायला सामाईक काय, हे कागदावर नसेल तर पुढचे सगळे भांडण त्याच जागेवर उभे राहते. या प्रकरणातही पहिल्या मसुद्याची अवस्था हीच होती.

"अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला?"

एजंटाने सुचवलेली पहिली गोष्ट म्हणजे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप करून नोटरी करून घेणे. त्याचे कारण सगळ्यांच्या तोंडी असते: वर्षाच्या आतला करार असला की नोंदणी लागत नाही. नोंदणी अधिनियम १९०८ मध्ये वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, तिथून हा समज आला आहे. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू आहे आणि त्याचे कलम ५५ स्पष्ट आहे. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा न करता ठरावीक काळासाठी जागा वापरण्याची परवानगी देण्याचा, कोणताही करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने असो की तीन, फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

काकूंना दंडाची भीती वाटली. मला त्याच कलमातला दुसरा भाग जास्त गंभीर वाटतो. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. म्हणजे उद्या कोणी म्हणाले की भाडे ९,५०० नव्हते, ४,००० होते, किंवा खोली पाच वर्षांसाठी दिली होती, तर नोटरीचा शिक्का काकूंच्या फारसा कामाला आला नसता.

आणि हे सगळे वाचवायचे ते कितीसाठी? मुदत १ मे २०२३ ते ३१ मार्च २०२४, अकरा महिने. एकूण शुल्क, म्हणजे भाडे, १,०४,५०० रुपये. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने अकरा महिन्यांचे व्याज धरायचे, ते झाले २,६१२ रुपये ५० पैसे. बेरीज १,०७,११२ रुपये ५० पैसे. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे २६७ रुपये आणि काही पैसे, शंभराच्या पटीत वर नेऊन ३००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीची दस्त हाताळणी फी ३००. सगळे मिळून १,६०० रुपये. एजंटाचा घरी येण्याचा मोबदला वेगळा. हा खर्च काकू आणि मुलीच्या वडिलांनी निम्मा-निम्मा केला. लाखाच्या व्यवहारात एवढी रक्कम वाचवण्यासाठी स्वतःचे राहते घर धोक्यात घालणारी माणसे मी पाहते, तेव्हा मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतली बहुतेक अप्रामाणिक नसतात. त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

घर कोणाचे, हा प्रश्न आधी

एजंटाच्या मसुद्यात मालक म्हणून एकट्या काकूंचे नाव होते. भागदाखला, म्हणजे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मागवून पाहिला. त्यावर काका आणि काकू, दोघांची नावे. काका गेल्यावर सोसायटीत काकूंचे नामनिर्देशन असल्याने मेंटेनन्सचे बिल त्यांच्या नावाने येऊ लागले आणि घरातल्या सगळ्यांनी विषय संपला असे धरले.

तो संपला नव्हता. नामनिर्देशनामुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते ठरते. वारसांचा हक्क त्याने जात नाही. काकांनी मृत्युपत्र केले नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला गेला. म्हणजे काकूंचा स्वतःचा निम्मा आणि त्यात एक षष्ठांश, मिळून दोन तृतीयांश. मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश.

काकूंना हे ऐकून थोडे लागले. "घर माझंच आहे ना गं," असे त्या म्हणाल्या. घर त्यांचेच होते, राहण्याच्या आणि मायेच्या अर्थाने पूर्णच. पण तिसऱ्या माणसाशी करार करताना सगळे सहमालक कागदावर असलेले बरे. मुलांची काहीच हरकत नव्हती. तिघांनाही मालक म्हणून करारात घेतले. ऑनलाइन नोंदणीत प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवून अंगठा घेतात, त्यासाठी सगळ्यांना एका जागी बसावे लागत नाही. मुलाने बेंगळुरूहून, मुलीने नाशिकहून काम पूर्ण केले. यात दिवस गेले, मुलीचे वडील लातूरहून दोनदा फोन करून विचारू लागले, पण थांबणे योग्य होते.

यातून आणखी एक गोष्ट साधली, जिचा विचार सुरुवातीला कोणी केला नव्हता. काकू आजारी पडल्या, रुग्णालयात गेल्या किंवा त्यांचे काही बरेवाईट झाले, तर त्या मुलीशी बोलायला, डिपॉझिट परत करायला, खोली ताब्यात घ्यायला करारातलेच कोणी तरी असणार होते. एकट्या ज्येष्ठ माणसाच्या घरातली खोली देताना हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि राहायला येणाऱ्याच्या बाजूनेही तितकाच.

भीती कुठून आली

काकूंच्या सख्ख्या दिरांनी त्यांना फोनवर सांगितले होते, "वहिनी, भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही." पुण्या-मुंबईत ही भीती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि ती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पुढे कलम १५-अ आले. त्याप्रमाणे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी चालू करारावर लायसन्सी म्हणून, म्हणजे मालकाच्या परवानगीने, जागेत होते, निदान एका खोलीइतक्या जागेत, ते कायद्याने भाडेकरू झाले. ज्यांनी काही महिन्यांसाठी म्हणून खोली दिली होती त्यांची खोली कायमची अडकली. ज्या घरांत हे घडले त्यांच्या नातवंडांनीही मग खोल्या बंद ठेवल्या. पुण्यात आजही एवढी घरे कुलपात आहेत त्यामागे ही आठवण आहे, असे मला वाटते.

१९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि स्थिती बदलली. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत करावी लागते. नाही केली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो.

इथे मात्र काकूंचे प्रकरण सरळ फ्लॅटच्या प्रकरणापासून वेगळे होते. याच कायद्याच्या कलम ७ मध्ये 'पेइंग गेस्ट'ची व्याख्या आहे: कुटुंबातली नसलेली अशी व्यक्ती, जिला मालक स्वतः राहतो त्या जागेचा एक भाग लायसन्सवर दिला आहे. काकूंकडे येणारी मुलगी या व्याख्येत अचूक बसते. आणि 'लायसन्सी'च्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळले आहे. बोलण्यात आपण पेइंग गेस्ट म्हणजे जेवणासकट राहणारा असे समजतो. कायद्यात जेवणाचा संबंधच नाही, मालक त्याच घरात राहतो की नाही एवढेच पाहिले आहे.

याचे परिणाम दोन. पेइंग गेस्टला भाडेकरूचे संरक्षण नाही, तेव्हा काकूंच्या दिरांची भीती इथे सर्वांत कमी लागू पडते. पण कलम २४ ची जलद वाटही अशा प्रकरणात आव्हानाला खुली राहते. समोरचा वकील म्हणू शकतो की ती लायसन्सीपुरती आहे. मग आधार उरतो तो भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. त्यातल्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे, कलम ६० प्रमाणे ते रद्द करता येते आणि कलम ६३ प्रमाणे राहणाऱ्याला सामानासह निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो. हे सगळे चालवायचे तर करारात मालक कुठे राहतो आणि ताबा कोणाकडे आहे ते लिहिलेले असलेच पाहिजे.

बारा वर्षे राहिला की घर त्याचे, किंवा आधार कार्डावर पत्ता टाकू दिला की हक्क लागतो, असेही काकूंना सांगितले गेले होते. दोन्ही चुकीचे आहे. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला झुगारून ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. आणि पत्त्याच्या पुराव्याने मालकी मिळत नाही. मुलीला बँकेसाठी पत्ता हवा होता. नोंदवलेल्या कराराची प्रत तिला दिली, तिचा तो हक्कच होता.

खोलीचे वर्णन

एजंटाच्या मसुद्यात मिळकतीचे वर्णन होते: फ्लॅट क्रमांक अमुक, क्षेत्र ६८० चौरस फूट, 'सदर मिळकतीचा शांततापूर्ण वापर लायसन्सी यांनी करावा'. म्हणजे कागदानुसार काकूंनी स्वतःच्या स्वयंपाकघरासकट आणि देवघरासकट सगळे घर त्या मुलीला दिले होते. त्या स्वतः तिथे राहतात याचा उल्लेख नव्हता. सगळ्या प्रकरणात मला धोकादायक वाटलेली ओळ हीच. सोसायटीच्या समितीने तो कागद पाहिला तर म्हणेल सभासद राहत नाही, महापालिका म्हणेल मालक राहत नाही, आणि वाद झालाच तर काकूंना स्वतःच्याच घरात राहण्याचा खुलासा करावा लागेल.

ते वर्णन पूर्ण बदलले. सदर फ्लॅटपैकी फक्त पश्चिमेकडची, बाल्कनीला लागून असलेली खोली, सुमारे ११० चौरस फूट. मालक क्रमांक एक या त्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि राहणार आहेत. संपूर्ण फ्लॅटचा कायदेशीर ताबा मालकांकडेच आहे. हॉल, स्वयंपाकघर, सामाईक स्वच्छतागृह आणि कपडे वाळत घालायची बाल्कनी यांचा मालकांसोबत वापर करता येईल, पण त्यांवर वेगळा ताबा नाही. काकूंची खोली, देवघर आणि माळा यांचा वापर दिलेला नाही. सोबत फ्लॅटचा हाताने काढलेला नकाशा, खोली लाल रेघेने दाखवलेली. आकाराचे मोजमाप काकूंच्या शिवणकामाच्या टेपने केले, चालले.

नोंदणीच्या ऑनलाइन अर्जात जास्तीच्या अटी लिहायला जागा असते; एजंट ती बहुतेकदा रिकामी सोडतात किंवा तीच-तीच दहा वाक्ये डकवतात. आम्ही तिचा पुरेपूर उपयोग केला. काकू आणि ती मुलगी दोघींना समोरासमोर बसवून अटी ठरवल्या, कारण एका छपराखाली राहताना भांडणे भाड्यावरून होत नाहीत. ती फ्रिजच्या कप्प्यावरून, रात्री उशिरा वाजलेल्या बेलवरून आणि न विचारता उघडलेल्या दारावरून होतात.

खोलीला आतून कडी आणि बाहेरून मुलीचे कुलूप राहील, दुसरी किल्ली काकूंकडे पाकिटात बंद; आग, पाणी फुटणे असे काही झाले तरच उघडायची, एरवी आधी सांगून. ही अट मुलीच्या वडिलांनी मागितली आणि काकूंनी लगेच मान्य केली. मुख्य दाराच्या लॅचची एक किल्ली मुलीला. रात्रपाळी असेल तर आधी सांगायचे. आईवडील आले तर सलग तीन रात्रींपर्यंत राहू शकतात; इतर पाहुणे रात्री नाहीत. स्वयंपाक दोघी आपापला करणार, गॅस सिलिंडरचा खर्च निम्मा.

जेवण करारात घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगितले. काकू म्हणाल्या, "एकटीसाठी कुकर लावते, तिच्यासाठी दोन मुठी जास्त टाकल्या तर काय?" टाकाव्यात की. पण मायेने वाढणे वेगळे आणि महिन्याच्या पैशांत जेवण बांधून घेणे वेगळे. बांधून घेतले की ते रोजचे बंधन होते, काकू आजारी असल्या तरी, आणि त्या उत्पन्नाचे स्वरूपही बदलू शकते.

विजेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी चढा. एकट्या काकूंचा वापर शंभराच्या आत असे. मुलीचा गिझर, इस्त्री आणि लॅपटॉप आल्यावर घर वरच्या टप्प्यात जाणार हे उघड होते. निम्मे बिल म्हटले तर काकूंवर अन्याय, शंभराच्या वरचे सगळे मुलीने द्यायचे म्हटले तर मुलीवर. शेवटी काकूंच्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलापेक्षा जेवढी रक्कम जास्त येईल तेवढी मुलीने द्यायची असे ठरले. हिशेब दर महिन्याला वहीत, दोघींच्या सह्या.

नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी. पहिले तीन महिने कोणी मोडायचे नाही. मुदत संपल्यावर न निघाल्यास दुप्पट दर. डिपॉझिट खोली रिकामी केल्याच्या दिवशी, बँकेतून. खाट, कपाट, टेबल, पंखा यांची यादी, फोटोंसह. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या जागेसाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांची आहे; महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू असल्याने तीन महिने घेण्यात बेकायदा काही नव्हते. तरी एवढ्या लहान व्यवहारात तीनच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे.

सोसायटीची समिती

समितीने तीन गोष्टी मागितल्या: ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज, दरमहा १,००० रुपये नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, आणि मुलगी अविवाहित असल्याने सर्वसाधारण सभेची परवानगी.

सोसायटीने २०१४ च्या आदर्श उपविधींचाच, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांचाच, स्वीकार केलेला होता, ते आधी तपासले. त्यांत जागा लीव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीच्या परवानगीची गरज नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचे, आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. विवाहित-अविवाहित असा भेद त्यांत नाही. काकूंनी आठ दिवसांचे पत्र दिले आणि पोच घेतली.

नॉन-ऑक्युपन्सी शुल्काबाबत राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात हा आदेश कायम ठेवला. काकूंच्या बिलात सेवा शुल्क १,८५० रुपये होते, म्हणजे सगळा फ्लॅट दिला असता तरी कमाल १८५ रुपये. आणि मुळात हे शुल्क सभासद स्वतः राहत नसेल तेव्हाचे आहे. काकू तिथेच राहत होत्या, आणि करारातच तसे लिहिले होते. खोलीचे वर्णन बदलण्याचा पहिला फायदा इथे झाला. समितीच्या बैठकीत काकूंनी करार आणि आदेशाची प्रत ठेवली, आवाज न चढवता बोलल्या. शुल्काची मागणी लेखी मागे घेतली गेली. अविवाहितपणाचा मुद्दा सेक्रेटरींनी पुन्हा काढला नाही. मुलीच्या स्कूटरसाठी पार्किंगचे जे शुल्क सगळ्यांना आहे ते काकूंनी विनातक्रार भरले. मागणी रास्त असेल तिथे वाद घालू नये.

पोलीस, महापालिका, प्राप्तिकर

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश पुण्यात पोलीस आयुक्त काढतात. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत आणि मोडल्यास भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागे. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा नव्या संहितांमधल्या कलम १६३ आणि कलम २२३ ने घेतली आहे. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर काकूंच्या नाशिकच्या मुलीने फॉर्म भरला, पोचपावती छापून फाइलला लावली. राहायला येणारी व्यक्ती परदेशी नागरिक असेल तर तिची माहिती सरकारला चोवीस तासांत द्यावी लागते. तिथे हयगय अजिबात करू नये.

पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. २०२३ मध्ये ती कायम झाली आणि अनेकांना त्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागला. काकू तिथे राहतात हे खरे होते, ते पुराव्यासह लिहिले. एक खोली लायसन्सवर दिली आहे हेही सोबतच्या पत्रात लिहिले. लपवून मिळवलेली सवलत मागच्या थकबाकीसह परत मागितली जाऊ शकते, आणि एकट्या बाईच्या मागे तो तगादा लागावा असे तिच्या मुलांनाही वाटत नव्हते.

प्राप्तिकरात लोक सर्वाधिक गोंधळतात ते सहमालकीमुळे. पैसे सगळे काकूंच्या खात्यात जमा होत, म्हणून उत्पन्न सगळे त्यांचेच असे मुलांनी धरले होते. हिस्से निश्चित असतील तर घरभाड्याचे उत्पन्न हिश्शाप्रमाणे ज्याच्या-त्याच्या नावे मोजले जाते, पैसे कोणीही घेवोत. अकरा महिन्यांचे १,०४,५०० रुपये. घरमालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट, उरले ७३,१५०. खोलीच्या वाट्याला येणारा मिळकतकर बाजूला ठेवला तर काकूंचे सुमारे ४८,७६७ आणि मुलांचे प्रत्येकी १२,१९२. मुलगा वरच्या टप्प्यातला करदाता. त्याने आपला वाटा विवरणपत्रात दाखवला. काकूंचे एकूण उत्पन्न कर लागण्याइतके झाले नाही. २०२४ च्या वित्त अधिनियमाने पुढे हेही स्पष्ट केले की मालकाने राहते घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिल्याचे उत्पन्न घरमालमत्तेच्याच सदरात येईल, व्यवसायाच्या नाही.

मुलीला नोकरीत घरभाडे भत्ता होता. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो. तिने संकोचत विचारले, "काकू, पॅन नंबर दिलात तर तुम्हाला काही अडचण नाही ना?" अशा वेळी पॅन नाकारणारे मालक पुष्कळ आहेत. काकूंनी तिघांचेही पॅन आणि दर महिन्याची सही केलेली पावती दिली. पावती देणे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. जीएसटीचा प्रश्न इथे आला नाही: राहण्यासाठी दिलेली जागा, घेणारी नोंदणी नसलेली व्यक्ती, आणि उलाढाल मर्यादेच्या कितीतरी खाली.

पुढे काय झाले

मुदत ३१ मार्च २०२४ ला संपली. तोपर्यंत दोघींचे इतके जमले होते की काकू म्हणाल्या, "आता ती घरचीच झालीये, पुन्हा कागद कशाला?" करार आपोआप वाढत नाही. मुदत संपल्यावर नवा कागद नसताना घेतलेला प्रत्येक महिना हा पुन्हा नोंदणीविना राहण्याचाच महिना. मार्चमध्येच नवा करार नोंदवला, शुल्क १०,००० रुपये, डिपॉझिट तेच. पोलिसांकडे आणि सोसायटीत नव्या तारखांची माहिती दिली.

दुसऱ्या मुदतीत एकच खटका उडाला. उन्हाळ्यात मुलीने कूलर आणला. मागच्या वर्षीच्या बिलाशी तुलना करायची तर आता मागच्या वर्षीच्या बिलातही तिचाच वापर होता. हिशेबाचे मापच बिघडले. दोघी दोन दिवस कमी बोलल्या. मग इलेक्ट्रिशियनकडून खोलीला सब-मीटर बसवून घेतला, महिन्याचे बिल भागिले एकूण युनिट असा दर काढून तिच्या युनिटांचे पैसे ठरवले, आणि विषय मिटला.

२०२५ च्या जानेवारीत तिला हैदराबादला चांगली नोकरी मिळाली. तिने लेखी नोटीस दिली. फेब्रुवारीअखेर यादी घेऊन दोघींनी खोली पाहिली: सामान सगळे जागेवर, भिंतीवर दोन खिळे जास्त, त्याचे काही कापायचे नाही असे काकूंनी ठरवले. सब-मीटरप्रमाणे शेवटच्या महिन्याचे ६४० रुपये वजा करून २७,८६० रुपये तिच्या खात्यात त्याच दिवशी गेले. करार संपल्याचा आणि देणेघेणे पूर्ण झाल्याचा कागद दोघींनी सही केला, एकेक प्रत ठेवली, आणि खोली रिकामी झाल्याचे पत्र सोसायटीला दिले.

मे महिन्यापासून त्या खोलीत नाशिकच्या मुलीच्या ओळखीची एक प्राध्यापिका राहते आहे. नव्या करारात दोन कलमे वाढवली: सब-मीटरवरून वीजबिल, आणि काकू सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त बाहेरगावी गेल्या तरी त्यांचे राहणे त्याच घरात आहे असे धरले जाईल व घराची जबाबदारी त्या काळात त्यांची नाशिकची मुलगी पाहील. दुसरे कलम काकूंनी स्वतः सुचवले. त्यांना या वर्षी मुलाकडे बेंगळुरूला महिनाभर राहायचे आहे.